मागचे दोन स्पीकर

लोटूभाऊला कुणी बहिरा म्हटलेलं कधी चाललं नसतं, आणि खरं सांगायचं तर सुरतेतल्या भेस्तानच्या कारखान्यात तो बहिरा नव्हताच. तिथं कोणीच बहिरं नसतं. शेकडो माग एकदम खडखडायला लागले की देवसुद्धा कानात बोटं घालील. मग माणसं ओठांकडे बघून आणि हात हलवून बोलतात. अंगठा तोंडाशी नेला की चहा, दोन बोटं ओठांना लावली की बिडी, आणि नसलेल्या मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला, मुकाट कामाला लागा. साक्रीकडून तरणा पोर म्हणून आला तेव्हापासून लोटूभाऊनं ही भाषा अशी पचवली होती की चार माग पलीकडचा माणूस बायकोच्या नावानं कुरकुरत असला तरी ह्याला सगळं कळायचं, आणि हा तिथूनच सल्लाही द्यायचा.

पंचाईत व्हायची ती घरी. घरात शांतता असायची ना!

शांततेत माणसं तोंड नीट उघडत नाहीत. ताटात बघून बोलतात, पाठ फिरवून बोलतात, चप्पल घालता घालता बोलतात. लोटूभाऊचा डावा कान तर केव्हाच कामातून गेला होता, आणि उजवाही त्याच्या मागोमाग निघाल्यासारखा वाटायचा. त्यावर त्यानं उपाय काढला होता. समोरचा बोलायचा थांबला की हसायचं आणि ‘हो हो’ म्हणायचं. जगातल्या निम्म्या बोलण्याला ‘हो हो’ चालून जातं. उरलेल्या निम्म्याचं काय, याचा विचार त्यानं केला नव्हता.

टीव्हीचा आवाज तो एवढा मोठा ठेवायचा की शेजारची सरलाबाई भिंत ठोकायची. ते ठोकणंही त्याला ऐकू यायचं नाही, हा भाग वेगळा. मग त्याची बायको कलाबाई समोर येऊन उभी राहायची. कलाबाईचा आवाज म्हणजे गल्लीचा भोंगा. माहेरी ती अबोल म्हणून ओळखली जायची, हे गल्लीत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

“आवाज कमी करा ना! सरलाबाई भित ठोकी ऱ्हायनी!”

“टीव्हीना गळा बसी गया,” लोटूभाऊ म्हणायचा, “मी काय करू?”

झालं. दोष टीव्हीच्या माथी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एवढं झाकायचं कारण काय, तर धुडकूनाना. नाना म्हणजे गल्लीतले सगळ्यांत जुने विणकर. त्यांचे दोन्ही कान गेल्याचं एकदा जगजाहीर झालं आणि घरातल्यांनी त्यांना काही सांगणंच सोडून दिलं. “नानांना सांगून काय उपयोग?” हे नानांच्या तोंडावर म्हणायचे, आणि नाना ओठ वाचून सगळं समजायचे. लोटूभाऊनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माणूस घरात बसलेला असताना घरातून वजा होतो, याची त्याला फार भीती वाटायची.

आणि तरी मागच्या दिवाळीला घोळ झालाच. एकुलती एक लेक गायत्री आणि जावई प्रवीण दिवाळीला आले होते. प्रवीण शिरपूरला मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं असं की मांजर दुधाकडं चाललंय. जेवताना तो ताटाकडे बघत काहीतरी बोलला. लोटूभाऊला वाटलं, शेवभाजीची तारीफ करतोय. त्यानं मांडीवर थाप मारली आणि खदाखदा हसून म्हणाला, “मजा आहे! मजा आहे तुमची!”

प्रवीणनं हात धुतला. गायत्रीचा चेहरा पांढरा पडला. जावईबुवा सांगत होते की वडिलांच्या छातीत दुखतंय, नाशिकला नेऊन ऑपरेशन करायचंय. हे लोटूभाऊला दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर कलाबाईनं समोर बसून सांगितलं. बिचाऱ्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागावी तर ‘ऐकू आलं नाही’ म्हणावं लागणार. ते काही जिभेवर येईना. पुढं ऑपरेशन नीट पार पडल्याची बातमी आली, पण जावई काही आला नाही.

आता धोंड्याचा महिना आला होता. नव्व्याण्णव सालचा उन्हाळा. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं, आणि जावयानंही आढेवेढे न घेता यायचं, ही रीत. प्रवीण येणार म्हणून निरोप आला. परत ताट वाढलं जाणार, परत हा माणूस ताटाकडे बघून बोलणार. यावेळी जर परत नको तिथं हसलो, तर लेकीचं माहेर तुटलं म्हणून समजा!

तेव्हा त्याच्या डोक्यातून ती शक्कल निघाली. घरात कारखान्यासारखा आवाज असेल तर? मग जावयालाही तोंड उघडून, हात हलवून बोलावं लागेल, आणि हात हलवून बोलणाऱ्यापुढं लोटूभाऊ कधीच हरला नव्हता.

नुकतीच भिशी लागली होती. कलाबाईला घेऊन तो रिंग रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेला आणि होम थिएटर दाखवा म्हणाला. हा शब्द तो कारखान्यात शिकला होता. दुकानातला पोरगा त्यांना काचेच्या थंडगार खोलीत घेऊन गेला. एक डबा सीडीचा, एक अँप्लिफायरचा, आणि भोवती पाच स्पीकर. वर ढोल-नगाऱ्याचा आवाज काढणारा सहावा भलामोठा खोका, त्याला वूफर म्हणायचं.

“काका, सांभळो! पाछळथी पण अवाज आवशे!” पोरगा म्हणाला. मागूनसुद्धा आवाज येतो, हे त्या वस्तूचं मोठं कौतुक होतं.

लोटूभाऊला मागचं-पुढचं काही पडलं नव्हतं. त्यानं कलाबाईला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाला, “तू आते काही बी बोल.”

कलाबाई बोलली. पहिल्या सेटच्या आवाजात ती आरामात बोलत होती, तेव्हा तो सेट नापास. दुसऱ्यालाही तीच गत. तिसरा सेट लावला, सुरतेतच कुठंतरी जोडलेला, वूफर धान्याच्या कोठीएवढा. त्यावर कलाबाईच्या मानेच्या शिरा ताणल्या आणि ओठ असे स्वच्छ हलायला लागले की लोटूभाऊला पहिल्या फटक्यात कळलं. ती म्हणत होती, ‘घरात माणसं दोन, हे एवढे डबे कोठे ठेवू?’

“हाच द्या,” लोटूभाऊ खूश होऊन म्हणाला. पोरगा बघतच राहिला. गिऱ्हाईक आवाज साफ आहे का विचारतं. हे पहिलंच गिऱ्हाईक, ज्यानं बायकोचा आवाज दबतो का ते बघून माल घेतला.

जोडायला गल्लीतलाच सुकलाल आला. लाइटफिटिंगचं काम करायचा, हात साफ. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, टीव्हीच्या डोक्यावर एक. स्वयंपाकाची जागा वेगळी करायला पत्र्याची भिंत होती, तिला टेकवून वूफर. उरलेले दोन मागच्या बाजूला, दाराच्या वर, खिळ्यांना टांगले. काम उरकून सुकलाल निघाला, चपलेत पाय घालता घालता मान खाली घालून काहीतरी बोलला.

लोटूभाऊ हसून म्हणाला, “हो हो.”

संध्याकाळी गल्ली जमली. कलाबाईनं डब्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. सगळी मंडळी मागावरचीच. सरलाबाईसुद्धा कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. धुडकूनानांना मानाची जागा म्हणून पत्र्याच्या भिंतीला टेकून बसवलं. सिनेमा सुरू झाला, वीज कडाडली, पाऊस कोसळायला लागला, आणि नाना एकदम दचकून मागं वळले.

“अरे बापरे! मांगून वाजी ऱ्हायनं!”

मग काय विचारता! ज्यांचे दोन्ही कान गेलेत त्या नानांना मागून ऐकू येतंय, म्हटल्यावर बाकीच्यांना न येऊन कसं चालेल? लोटूभाऊच्या शेजारच्या मागावरचा मारुती म्हणाला, “हां, मागूनच!” त्याच्या शेजारचा म्हणाला, “आत्ता माझ्या पाठीवर सर आली!” सरलाबाईनं तर डोक्यावरून पदर घेतला.

लोटूभाऊ कान देऊन बसला होता. पुढून धो धो येत होतं. मागून काही नाही. थेंब नाही.

“मागचा आवाज बारीक असतो,” मारुती जाणकारासारखा म्हणाला, “पण काय गोड आहे, नाही लोटूभाऊ?”

“हो हो,” लोटूभाऊ म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बारीक आवाज अख्ख्या गल्लीला येतो, नानांना येतो, आणि आपल्याला येत नाही. संपलं. उजवा कानही गेला.

दुसऱ्या दिवशी कलाबाई बाजारात गेल्यावर त्यानं सिनेमा लावला, स्टूलावर चढला आणि मागच्या स्पीकरला उजवा कान चिकटवला. काही नाही. दुसऱ्याला चिकटवला. तिथंही काही नाही. खाली उतरून त्यानं स्टूल होतं तिथं नेऊन ठेवलं. कुणाला विचारायची सोय नव्हती. पुढचे दिवस घरी कुणी ना कुणी येत राहिलं, मागच्या आवाजाचं कौतुक करत राहिलं, आणि लोटूभाऊ हसत हसत आतून वाळत गेला. जेवताना त्याचं लक्ष नसायचं. कलाबाई विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, “उन्हाळा बाधला.”

आणि जावई आला. रविवारी सकाळी गायत्री आणि प्रवीण गाडीतून उतरून घरी पोचले. प्रवीणनं वाकून नमस्कार केला, रीत म्हणून. चेहऱ्यावर माया नव्हती. कलाबाईनं खापरावरचे मांडे केले होते, आमरस होता, तुपाची धार होती. जेवणं होईपर्यंत लोटूभाऊ जावयाच्या ओठांवरून नजर न हलवता बसला. पण देवाच्या दयेनं प्रवीण काही बोललाच नाही. न बोलणारा जावई म्हणजे दयाच की काय, हे देवालाच ठाऊक. गायत्री दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, आणि तिच्या वाटीतला आमरस तसाच राहिला.

जेवणानंतर गल्ली पुन्हा जमली. जावयाला मागचा आवाज दाखवायचा होता ना! पुन्हा तीच वीज, तोच पाऊस. मारुतीनं मान डोलावली, सरलाबाईनं पदर घेतला. लोटूभाऊनं उसनं अवसान आणून विचारलं, “काय जवाईबुवा, येतंय ना मागून?”

प्रवीणनं मागं वळून स्पीकरकडे पाहिलं. मग नजर खाली घालून, हळू आवाजात, काहीतरी बोलला.

लोटूभाऊचं हसू तयारच होतं. ‘हो हो’ ओठांवर आलं, आणि तेवढ्यात त्याला गायत्रीचा चेहरा दिसला. तोच, दिवाळीचा. पांढरा. शब्द त्यानं गिळून टाकला.

नेमका त्याच वेळी दारात सुकलाल उभा राहिला, खांद्यावर वायरचं भेंडोळं. सिनेमाच्या दणदणाटात तो तोंड एवढं मोठं उघडून ओरडला की सगळ्या गल्लीनं त्याचे ओठ वाचले.

“मागचे स्पीकर जोडायला आलो! त्या दिवशी वायर कमी पडली होती!”

गायत्रीनं सिनेमा बंद केला.

“म्हणजे?” लोटूभाऊनं विचारलं.

“म्हणजे काय? सांगून गेलो होतो ना, मागचे दोन अजून मुके आहेत, आठवड्यानं येतो म्हणून. तुम्हीच हो हो म्हणालात.”

कोणी कोणाकडे बघेना. मारुती छताचा पंखा निरखायला लागला. सरलाबाईनं डोक्यावरचा पदर हळूच खाली ओढून घेतला, पाऊस थांबल्यासारखा.

लोटूभाऊच्या आत ते हळूहळू झिरपत गेलं. मुके! पेट्याच मुक्या! माझा कान नाही, पेट्या मुक्या! गेले कित्येक दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाहेर फेकावा तसं झालं. जीव भांड्यात पडला. तो असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं.

“पण मग पहिल्यांदा बोललं कोण?” सरलाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “मला तर मारुतीनं सांगितलं.”

“मी नानांचं ऐकून म्हटलं,” मारुती म्हणाला.

सगळे नानांकडे वळले. नानांना हातवाऱ्यांनी प्रश्न समजावला. नाना चिडलेच.

“माले मांगूनच वाजनं! आजबी वाजनं! आठे बठा आणि पाहा!”

मारुती त्यांच्या जागी पत्र्याला टेकून बसला. सुकलालनं क्षणभर सिनेमा लावला. वूफरचा दणका पत्र्यातून सरळ मारुतीच्या पाठीत शिरला आणि तो टुणकन उठला. घ्या! अख्ख्या गल्लीत खरं बोललेला एकच माणूस, आणि तो ठार बहिरा. मग मात्र हसण्याचा असा कल्लोळ उठला की वूफर फिका पडला. नाना सगळ्यांत जास्त हसले. त्यांच्या गोष्टीवर गल्ली हसली, याला फार दिवस झाले होते.

लोटूभाऊची मूठ अजून झाकलेलीच होती. हसण्यावारी सगळं निभावलं असतं. पण प्रवीण हसत नव्हता. तो कोपऱ्यात बसून होता, आणि हसणाऱ्या सासऱ्याकडे बघत होता, दिवाळीला बघितलं तसं. लोटूभाऊचं हसू मावळलं. तो उठला, जावयाशेजारी जाऊन बसला, मग उठून जावई उजव्या हाताला येईल असा पुन्हा बसला, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “जवाईबुवा, मघाशी काय म्हणालात ते परत सांगा. इकडून सांगा. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.”

बोलून गेला आणि वाट बघत बसला, आता आभाळ कोसळेल म्हणून.

“मी म्हटलं, मामा, मागून तर काहीच येत नाही,” प्रवीण उजव्या कानाशी म्हणाला. “ऐकू येत नाही… कधीपासून?”

“लई वर्षं झाली.”

“म्हणजे दिवाळीला, मी दादांचं सांगत होतो तेव्हा…”

“मला वाटलं, शेवभाजी आवडली तुम्हाला.” लोटूभाऊचा आवाज फुटला. “तुमच्या वडिलांच्या दुखण्यावर हसेन का हो मी? एवढा वाईट दिसतो का?”

प्रवीणनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. गायत्री घाबरून पुढं झाली, तर हा मास्तर हसत होता. हसत होता आणि डोळेही पुसत होता. “शेवभाजी!” तो म्हणाला. “अहो मामा, इतके महिने मी मनात काय काय… घरी कुणाला बोललोसुद्धा नाही. दादा ठणठणीत आहेत. रोज तुमची आठवण काढतात.” त्यानं सासऱ्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. गायत्री भिंतीला टेकून खाली बसली, आणि सकाळपासून पहिल्यांदा म्हणाली, “आई, मला आमरस दे गं.”

एकानं मूठ उघडली की बाकीच्यांच्या आपोआप उघडतात. मारुती म्हणाला, माझाही डावाच. सरलाबाई म्हणाली, माझा उजवा, आणि भिंत ठोकायचे ती मला तुमच्या टीव्हीतलं एक अक्षर समजायचं नाही म्हणून, जरा आणखी वाढवा सांगायला! लोटूभाऊनं कपाळावर हात मारला.

सुकलालनं मागचे स्पीकर जोडले. सिनेमा लागला, पाऊस आला, आणि लोटूभाऊच्या उजव्या खांद्यामागं, अगदी स्पष्ट, पागोळ्या गळायला लागल्या. त्यानं मान वळवली. खरंच मागून! डावीकडं कोरडं होतं, तसं तो मोकळेपणी म्हणाला. सुकलालनं एक बटण फिरवून डावा स्पीकर वाढवला. “आता?”

“आता जरा भुरभुर येतेय.”

मग कानांप्रमाणं जागा ठरल्या. उजवा कान शाबूत असलेले इकडे, डावा शाबूत असलेले तिकडे, नाना पत्र्याला टेकून. सगळी उठबस चालली असताना कलाबाई आमरसाची वाटी घेऊन आली आणि कुणाला न विचारता नवऱ्याच्या उजव्या हाताला बसली.

लोटूभाऊ बघतच राहिला. जेवायला बसताना ती उजवीकडंच असते. रिक्षात उजवीकडं. साक्रीच्या एसटीत खिडकी सोडून उजवीकडं. आणि माहेरची ती अबोल पोर गल्लीचा भोंगा केव्हा झाली, का झाली?

“तुले कव्हयपासून मालूम शे?” त्यानं विचारलं.

“लई दिनथून. मी तं तव्हयच सांगं व्हतं तुम्हले,” कलाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “डावा कानमा सांगं, म्हनीसन ऱ्हाई गयं.”